दहावीनंतरचं करिअर पॅकेज: चाचणी मुलीची, उत्तरं घरादाराची

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवरचे फ्लेक्स बदलतात. टॉपरांचे फोटो उतरतात आणि त्यांच्या जागी मेंदूचं रंगीत चित्र चढतं: ‘पाल्याची दिशा ओळखा, वैज्ञानिक पद्धतीने’. हे परीक्षण अशाच एका केंद्राच्या पॅकेजचं आहे. कॉलेज रोडच्या आतली गल्ली, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. नाव मुद्दाम देत नाही. खाली सांगितलेले दोष या एका पत्त्यापुरते नाहीत, आणि नाव दिलं की चर्चा दोषांवर न होता नावावरच होते.

पॅकेजं तीन आहेत. २,५०० रुपयांत चाचणी आणि छापील अहवाल. ४,५०० रुपयांत त्याशिवाय तासाभराची भेट. ९,००० रुपयांत या सगळ्यावर बोटांच्या ठशांवरून ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ आणि वर्षभर फोनवर मार्गदर्शन. ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी: मधलं घ्या, वरच्याच्या वाटेला जाऊ नका, आणि भेटीच्या वेळी खोलीत कोण बसणार हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या. चाचणी इथे नीट घेतात. घोळ होतो तो चाचणीनंतर.

आधी चांगलं सांगू. एका बॅचला आठच मुलं. प्रत्येक भागाआधी सरावाची उदाहरणं सोडवून घेतात, वेळ स्टॉपवॉचवर मोजतात, आणि पर्यवेक्षक मधे फोनवर बोलत बसत नाहीत. ही साधी गोष्ट वाटते, पण क्षमता-चाचणीत तीच महत्त्वाची. चाचणीत शाब्दिक, संख्यात्मक, अवकाशीय, तर्क, यांत्रिक आणि कारकुनी असे भाग असतात. कारकुनी भागात नावांच्या आणि आकड्यांच्या जोड्या तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत, एवढंच पाहायचं असतं. त्याला वेळ अगदी थोडा असतो आणि गुण वेगाचे असतात. सूचना न समजल्यामुळे अर्धा मिनिट गेला तर तिथला गुण सरळ खाली येतो आणि अहवालात छापून येतं, ‘अचूकता व गती कमी’. मुलीची गती कमी नसते, सूचना घाईत दिलेली असते.

बॅचची वेळ मात्र जपून निवडा. संध्याकाळी सहा ते नऊची बॅच पालकांना सोयीची पडते, म्हणून ती आधी भरते. मुलं तिथे क्लास उरकून, पोटात वडापाव टाकून येतात. आठच्या पुढे अवकाशीय भाग येतो. त्यात घडी घातलेला कागद मनात उलगडायचा, ठोकळा मनातल्या मनात फिरवायचा. थकलेल्या डोक्याने हे होत नाही. सकाळची साडेनऊची बॅच मिळत असेल तर एक शनिवार थांबा, पण तीच घ्या.

दुसरी काळजी माध्यमाची. शाब्दिक भाग इथे आपणहून इंग्रजीत देतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला त्यात ३ किंवा ४ आला तर तो तिच्या भाषिक क्षमतेचा गुण नसतो, इंग्रजी शब्दसंग्रहाचा असतो. मराठी प्रत कपाटात असते, मागितली की देतात. मागितली नाही तर देत नाहीत.

गुण स्टेनमध्ये, म्हणजे १ ते १० अशा दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मिळतात, आणि इथेच घरोघरी गोंधळ उडतो. स्टेनची सरासरी ५.५ असते. शंभरातली साधारण ३८ मुलं ५ आणि ६ या दोनच खान्यांत बसतात. ८ किंवा त्यावर पोचणारी जेमतेम १६. म्हणून ६ आला की ‘साठच टक्के?’ असं तोंड करायचं कारण नाही, ही टक्केवारीच नव्हे. शिवाय एका स्टेनइतकी चूक मोजमापात धरूनच चालावं लागतं. ६ आणि ७ यांच्यात निवड करणं म्हणजे छापा-काटा. दोन-तीन स्टेनचं अंतर असेल तेव्हाच त्यावर काही बोलावं. आणखी एक विचारा: हे गुण कुणाशी तुलना करून काढले? काही चाचण्यांत मुलांचे आणि मुलींचे तक्ते वेगळे असतात. कोणता तक्ता लावला हे अहवालात लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

आता नमुना अहवाल. तो काउंटरवर सगळ्यांना बघायला ठेवलेला असतो, नावावर काळी पट्टी मारून. सोळा पानं, गुळगुळीत कागद. पान ४ वर एका मुलीचे गुण आहेत: अवकाशीय ९, यांत्रिक ८, तर्क ७, संख्यात्मक ६, कारकुनी ५, शाब्दिक ४. आवडीच्या आलेखात वस्तू हाताळणं आणि रचना करणं हे दोन खांब सगळ्यांत उंच. आजूबाजूच्या खांबांकडे बघायचीही गरज पडू नये इतकं हे चित्र स्पष्ट आहे. असा आलेख दहा मुलांत एखाद्याचाच येतो. बाकीच्यांचे आलेख बहुधा सपाट असतात आणि तिथे समुपदेशकाची खरी परीक्षा असते. इथे परीक्षा नव्हतीच, फक्त वाचायचं होतं.

पान ११ वर ‘सुयोग्य क्षेत्रं’ आहेत. पहिलं वैद्यकीय. दुसरं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. तिसरं स्पर्धा परीक्षा, आणि त्यापुढे कंसात शेरा, ‘मुलींसाठी सुरक्षित व स्थिर’. आर्किटेक्चर सातव्या क्रमांकावर, प्रॉडक्ट डिझाइन नवव्या. यांत्रिक ८ असलेल्या मुलीच्या यादीत मेकॅनिकलचा डिप्लोमा नाहीच. हा क्रम आला कुठून ते पाहायचं तर पान २ उलटा. तिथे पालकांनी भरलेला फॉर्म स्कॅन करून लावला आहे: ‘पाल्याने काय व्हावं असं वाटतं? प्राधान्यक्रमाने तीन.’ वैद्यकीय, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा. तेच तीन, त्याच क्रमाने.

यात कुणी लबाडी केली असेल असं वाटत नाही. चूक फाइलच्या रचनेतच आहे. पालकांचा फॉर्म नोंदणीच्या दिवशीच भरून घेतात, त्यामुळे तो फाइलमध्ये सगळ्यांत वर येतो. समुपदेशक फाइल उघडतात तेव्हा पहिल्यांदा आई-बाबांची इच्छा वाचतात आणि मग मुलीचे गुण. पहिला आकडा मनात बसला की पुढचे आकडे त्याच्याभोवती जुळवले जातात, भाजी घेताना पहिल्या सांगितलेल्या भावाभोवती घासाघीस होते तसंच. त्यात समुपदेशकालाही माहीत असतं की फी कोण भरणार आहे. उपाय सोपा आहे: तो फॉर्म नोंदणीला भरू नका. ‘भेटीच्या दिवशी आणून देतो’ म्हणा. काउंटरवर एकदा विचारतात, मग सोडून देतात.

आवडीच्या प्रश्नावलीतही समाज शिरलेला असतो, फक्त दिसत नाही. ही प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी पाडलेल्या आवडीच्या सहा प्रकारांवर बेतलेली आहे: वस्तूंशी काम, शोध, कला, माणसांशी काम, उद्योग-नेतृत्व, आणि ठरलेल्या चौकटीतलं काम. त्यात कामांची लांब यादी असते, आवडेल की नाही एवढं सांगायचं. पंधरा वर्षांच्या मुलीला जे काम माहीतच नाही त्यापुढे ती ‘नाही’ लिहिते. नाशिकरोडच्या ज्या घरात दोन पिढ्या नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीत गेल्या, तिथे ‘ठरलेल्या चौकटीतलं काम’ आवडीचं निघतं. ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या कॉलनीत वाढलेल्याला यंत्र आवडतं, निफाड-दिंडोरीकडची मुलगी द्राक्षाच्या छाटणीपुढे ‘नाही’वर जोरात खूण करते, कारण तिने ते काम पाहिलंय आणि घरात त्याच्या कर्जाबद्दलचं बोलणंही ऐकलंय. ही आवड नव्हे, ओळख आहे. चांगला समुपदेशक सगळ्या ‘नाही’पैकी पाच-सहा निवडून विचारतो, ‘हे नको की हे माहीत नाही?’ इथे ते विचारत नाहीत. घरी विचारता येतं: उत्तरपत्रिकेची प्रत घ्या, ‘नाही’ लिहिलेल्या ओळी दोन रंगांच्या पेनांनी वेगळ्या करा. नकोशा एका रंगाने, अनोळखी दुसऱ्या. अनोळखी जास्त निघाल्या तर तो आलेख सध्या बाजूला ठेवायचा आणि त्यातली तीन-चार कामं प्रत्यक्ष दाखवून आणायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ओळख काढून टूलरूम दाखवणं, आर्किटेक्टच्या ऑफिसात अर्धा दिवस बसवणं, याला फी लागत नाही.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी फुकट घेतली होती, सात क्षेत्रांत. तिच्यावर टीका खूप झाली, पण तिच्या यादीत ललितकला, कृषी आणि गणवेशधारी सेवा या वाणिज्य-तांत्रिकच्या बरोबरीने होत्या. ४,५०० रुपयांच्या या अहवालात कृषी शोधूनही सापडत नाही. नाशिकमध्ये!

भेटीचा तास हा या पॅकेजचा गाभा, आणि तिथली व्यवस्था सगळ्यांत कच्ची. टेबलाच्या एका बाजूला समुपदेशक, दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या. मधली मुलीची, दोन्हीकडे आई-बाबा, आणि मागच्या सोफ्यावर मामा किंवा आत्या, कारण ‘तेही शिकलेले आहेत’. प्रश्न मुलीला विचारला जातो, ती वळून आईकडे बघते, आणि उत्तर उजवीकडून येतं: ‘तिला ना, लहानपणापासूनच डॉक्टर व्हायचंय.’ समुपदेशक ते लिहून घेतात.

सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. रेघांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यांसमोर, पण खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देतात. एकूण उत्तरांपैकी साधारण एक तृतीयांश वेळा लोक गर्दीबरोबर गेले, आणि सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी वाकले. पण खोलीत एकाच माणसाने बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास घसरलं. तिथे प्रश्न परक्यांसमोर, रेघेचा होता. इथे प्रश्न आयुष्याचा, आणि समोर जेवू घालणारे. त्या तासात मुलीच्या बाजूचा तो एक माणूस समुपदेशकच असायला हवा, नाहीतर एकत्र भेटीला काही अर्थ उरत नाही.

म्हणून तास वाटून घ्या: पहिली वीस मिनिटं मुलगी एकटी, पुढची वीस आई-बाबा एकटे, शेवटची वीस सगळे मिळून. मामांना खालच्या मजल्यावर चहा. बुकिंगच्या वेळी सांगितलं तर केंद्र हे मान्य करतं, आयत्या वेळी सांगितलं तर ‘आमची पद्धत अशी नाही’ ऐकायला मिळतं. एकटीच्या वीस मिनिटांत दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि ते तुम्हीच समुपदेशकांना आधी कळवा. पहिला: ‘तू काय निवडलंस हे शेजारी, नातेवाईक, शाळेचा ग्रुप, कुणालाच कधी कळणार नसेल, तर यातलं काय निवडशील?’ दुसरा: ‘ते निवडल्यावर मंगळवारी अकरा ते पाच तू नक्की काय करत असशील?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याचं उत्तर कच्चं आहे. ‘डॉक्टर’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना पांढरा कोट दिसतो, ओपीडीची रांग दिसत नाही. ‘फोटोग्राफर’ म्हणणाऱ्यांचंही तेच. तिथे समाजाच्या जागी रील असते, एवढाच फरक.

चाचणीबरोबर ‘आनंद-निर्देशांक’ नावाचं एक पान देतात. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. ‘मी बहुतेक वेळा आनंदी असते’ वगैरे. कल्पना वाईट नाही. पण हे पान भरायचं कुठे? बाहेरच्या सोफ्यावर, आईच्या मांडीला मांडी लावून. नमुना अहवालात सगळीकडे ४ आहे. कुणीतरी बघत असताना माणूस ४ लिहितो. ३ लिहिलं तर ‘का गं?’ येतं, ५ लिहिलं तर खोटं वाटतं. हे पान आत, चाचणीच्या खोलीत भरायला लावा, नाहीतर त्याकडे लक्षच देऊ नका. आणि झोप उडणं, जेवण सुटणं, परीक्षेच्या नावाने रडू येणं असं काही असेल तर तो करिअर पॅकेजचा विषय नव्हे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. तोवर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलतात. ‘करिअर काउन्सेलर’ ही पाटी लावायला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे अहवालाखाली सही कुणाची आणि त्यांचं मानसशास्त्रातलं शिक्षण काय, हे विचारण्यात संकोच नको. इथे सही एमए मानसशास्त्र झालेल्यांची आहे, आणि विचारल्यावर ते शांतपणे सांगतात. हा मुद्दा केंद्राच्या बाजूचा.

मार्गदर्शनात जे हमखास सुटतं ते म्हणजे कोणतं दार कधी बंद होतं. अकरावीला गणित सोडलं तर आर्किटेक्चर, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) हवाई दल-नौदलाची बाजू, पायलट आणि मर्चंट नेव्हीतलं अधिकारीपद बंद. एनडीएच्या लष्कराच्या बाजूला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचं सरळ दार बंद, बारावीनंतर तो विषय जादा म्हणून द्यावा लागतो. उलट कायदा, सीए, हॉटेल मॅनेजमेंट, एनआयडी-निफ्टसारख्या संस्थांतलं डिझाइन, मानसशास्त्र यांतलं एकही दार आर्ट्स किंवा कॉमर्स घेतल्याने बंद होत नाही. ‘सायन्स घेतलं की सगळे पर्याय खुले’ हे म्हणणं अर्धं खरं आहे: दारं खुली राहतात, पण त्या दोन वर्षांत क्लास आणि कॉलेज यांच्या मधे मुलगी इतकी दमते की दारापर्यंत जायची ताकद उरत नाही. आर्ट्सला गणित घेता येतं, हे तर बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. नमुना अहवालातल्या मुलीला हाच रस्ता सगळ्यांत सरळ होता. तो ‘कमी’ का वाटतो, याचं उत्तर चाचणीत नाही, लग्नपत्रिकेतल्या नावापुढच्या डिग्रीत आहे.

हे सगळं शेवटी अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर उतरतं. दहापर्यंत पसंत्या भरता येतात, पण पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. ‘आरवायके टाकून तर बघू’ म्हणून मामांनी सुचवलेलं कॉलेजचं पहिलं नाव हे गंमत म्हणून टाकायचं नाव नाही.

अहवालाच्या मागच्या खिशात दोन क्लासेसची पत्रकं असतात, सवलतीच्या कूपनसकट. मार्गदर्शन देणारा आणि गिऱ्हाईक पाठवणारा एकच असला की सल्ल्याची किंमत कमी धरावी. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, आणि मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं आहे. कूपन वापरणार असाल तर पावतीवर हे लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’ चालत नाही.

ठशांच्या चाचणीबद्दल थोडक्यात. बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण दहाव्या आठवड्यानंतर तयार होऊ लागतात आणि आयुष्यभर तशाच राहतात, हे खरं. त्यांची संख्या आणि तळहातावरचा कोन मोजून मूल गणितात हुशार की संगीतात, हे कळतं याला मान्य असा पुरावा नाही. अहवालात हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेचा दाखला असतो. गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या त्या सिद्धांताचा बोटांशी काही संबंध नाही. जास्तीचे ४,५०० रुपये याचेच जातात. गंमत अशी की ठशांचा अहवाल पालकांना सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यात वाईट काही लिहिलेलंच नसतं. शिवाय ‘जन्मजात’ म्हटलं की वाद मिटतो. पत्रिका नको म्हणणारी घरंही यावर विश्वास ठेवतात.

तर ४,५०० चं पॅकेज, सकाळची बॅच. शाब्दिक भाग ज्या माध्यमातून शाळा झाली त्याच भाषेत. दोन पेन्सिली, खोडरबर, डबा, पाण्याची बाटली. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. अहवाल आठ दिवसांत मिळतो, भेट त्यानंतरच्या शनिवारी. अहवाल हातात आला की आधी पान ११ उघडायचा मोह होतो. ते पान पिनसकट काढून बाजूला ठेवा आणि पान ४ ची एक झेरॉक्स मुलीला द्या. खालच्या दुकानात दोन रुपयांत निघते.